सिंहाच्या पुढे रुख्माबाई

आर्वीच्या एका शाळेत भूगोलाच्या खोलीत सिंह होता. अर्धा.

सरकारी तक्ता होता तो, कापडावर चिकटवलेला. वाळवीने त्याला मागून खायला घेतलं होतं. शेपटी गेली, मागचे पाय गेले, पोट गेलं, आणि आयाळीपाशी पोहोचल्यावर वाळवीलाही भीती वाटली असावी, कारण तिथे ती थांबली. हरिदास भोयर गुरुजी वर्षानुवर्षं त्या उरलेल्या तोंडावर छडी टेकवून पाचवीच्या पोरांना सांगत आले होते, "हा सिंह. हा आफ्रिकेत राहतो." मागच्या भागाबद्दल कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मागून तो बैलासारखाच असतो, पण वेगळा."

गोष्ट एवढ्यावरही भागली असती. पण गुरुजींचा धाकटा भाऊ चंद्रभान केनियात एका साखर कारखान्यात इंजिनियर होता, आणि आणीबाणी उठल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याने आईची, दादाची आणि वहिनीची तिकिटं पाठवून दिली. सोबत दोन ओळी: आईला घेऊन या. इथे सिंह रस्त्यावर बसलेले असतात.

गुरुजींना सिंह पाहायची हौस होतीच. त्याहून मोठी हौस सिंह पाहून आलेला माणूस व्हायची होती.

[इथे पासपोर्टचा फोटो होता. तो सरकारने ठेवून घेतला.]

पासपोर्टच्या खटपटीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ती आठवली की गुरुजींना अजून ॲसिडिटी होते. आईची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. "मोठ्या पुराच्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी," असं रुख्माबाईंनी नागपूरच्या बाबूला तोंडावर सांगितलं. त्याने पोळा कोणत्या महिन्यात येतो ते विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू कोन गावचा आहेस बाप्पा?" मग चौकशीला पोलीस घरी आला. नेमके तेव्हा गुरुजी न्हाणीत होते. शेजारच्या अनुसयाबाईंनी कुंपणावरून एवढंच पाहिलं की दारात शिपाई उभा आहे आणि गुरुजी टॉवेलवर बाहेर येताहेत. दुपारपर्यंत हेडमास्तर अण्णाजी कडूंनी पाचवीचे तास दुसऱ्या शिक्षकाला वाटून दिले होते.

त्याची भरपाई म्हणून की काय, गावाने निघायच्या आधी सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. खांद्यावर शाल पडली की मराठी माणसाच्या तोंडून काय निघेल ते सांगता येत नाही. गुरुजी उठले आणि म्हणाले, "आफ्रिकेतल्या सिंहाचा फोटो मी माझ्या हाताने काढून आणीन आणि या शाळेला अर्पण करीन. आमचा सिंह पुरा होईल." टाळ्या पडल्या. अण्णाजींनी त्याच टाळ्यांत जाहीर केलं की फोटोचं अनावरण स्नेहसंमेलनात होईल.

गुरुजींनी तोवर कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता.

कॅमेरा दिला ओमप्रकाशने. आर्वीत त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाचे फोटो तोच काढायचा आणि मयताचेही. मयताच्या फोटोत ब्रशने डोळे उघडून द्यायचा, म्हणून त्याला लांबून बोलावणी यायची. कॅमेरा म्हणजे गळ्यात अडकवायचा डबा. वरून त्याच्या काचेत डोकावायचं आणि समोरचं चित्र पाहायचं. एका रिळात बारा फोटो.

"दोनच गोष्टी ध्यानात ठेवा, गुरुजी," ओमप्रकाश म्हणाला. "मानूस हलला का फोटोत भूत येते. म्हनून हलू द्याचं नाई. आन् काचीत उजवं ते डावं दिसते, आरशावानी. गडबडू नका."

"मी भूगोल शिकवतो," गुरुजी म्हणाले. "दिशा मला कळतात."

खरा सल्ला मात्र दिला शेजारच्या नत्थूजींनी. नत्थूजी रिटायर तलाठी. ते ओट्यावर बसून दात कोरत होते.

"गुरुजी, नुसता सिंह काढून आनू नका."

"का बरं?"

"लोक म्हनतीन कॅलेंडर फाडून आनलं. तुमी पंचनामा पाह्यला ना? जागेवर मानसं उभी केल्याशिवाय होते का? सिंहासंगं घरचं मानूस पायजे. सगळे पायजे. मंग कोनाची हिंमत हाय बोलाची?"

गुरुजींना हे पटलं. नुकतेच ते टॉवेलवर अटक होऊन सुटले होते, त्यामुळे पुराव्याचं महत्त्व त्यांना कळलेलं होतं. शिवाय नुसत्या जनावरावर रीळ घालवायचं ही गोष्ट आर्वीत कोणालाच पटली नसती. फोटो माणसांचा काढतात.

[फोटो. डावीकडून: सौ. सुलोचना, मातोश्री रुख्माबाई, सौ. मंदाबाई. मागे: चि. चंद्रभान, मान वाकवून, कारण गाडीला छत आहे. झेब्रा: मंदाबाईंच्या मागे.]

केनियातल्या त्या रानात गाडीतून उतरायला बंदी होती. ड्रायव्हर किमानी ओठांवर बोट ठेवून बसायचा. गुरुजी पुढच्या सीटवर उलटे, गुडघ्यांवर, गळ्यात डबा. मागे सगळं कुटुंब. जनावर कुटुंबाच्याही मागे, खिडकीबाहेर. जनावर आलं की गुरुजी म्हणायचे, "बसा," आणि मग खरी अडचण सुरू व्हायची.

कारण बसायचं कसं? आईला खिडकीशी बसवून धाकटी सून मधे, हे दिसायला बरं नाही. थोरली सून सुलोचनाबाई एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला, मधे आई. चंद्रभानच्या बायकोने, मंदाबाईने, तिकडे राहून डोक्यावरून पदर घ्यायचं सोडलं होतं. पण हा फोटो आर्वीला जाणार, मोठ्या दिराने काढलेला, म्हणून तिने आता पदर शोधला. तो तिच्याच अंगाखाली अडकला होता. तो निघेपर्यंत चंद्रभानला आठवलं की त्याच्या खिशातलं पेन दिसायला हवं. एवढं सगळं होईपर्यंत कोणतंही जनावर थांबत नाही. झेब्रा थांबला, तो बिचारा मुळात गरीब स्वभावाचा असावा.

[फोटो. मंडळी वरीलप्रमाणे. जिराफ: चार पाय.]

[फोटो. मंडळी वरीलप्रमाणे. मागे भिंत दिसते ती भिंत नाही, हत्ती आहे.]

[फोटो. मंडळी वरीलप्रमाणे. मागे काय होतं ते कोणाला आठवत नाही. सुलोचनाबाई म्हणतात, डुक्कर.]

शेवटच्या दिवशी रिळात एकच फोटो उरला आणि सिंह दिसला नव्हता. गुरुजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. डोळ्यांपुढे शाल यायची.

आणि मग उन्हं कलताना किमानीने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला, कापूस वेचून झालेल्या वावरासारख्या पिवळ्या रानात, सिंह बसला होता. पुरा. मागून तो बैलासारखा मुळीच नव्हता. तो उठला, आळस दिला, आणि चालत चालत थेट गाडीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. काच अर्धी खाली होती. सुलोचनाबाईंनी डोळे मिटले. चंद्रभानचं पेन पडलं. रुख्माबाई मात्र मान वळवून बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यापासून सिंहाचा चेहरा, मधे फक्त ती अर्धी काच.

"बसा," गुरुजींनी कसंबसं म्हटलं.

मंडळी एका झटक्यात बसली. पदर जागेवर, मान जागेवर. इतक्या दिवसांच्या सरावाने काही तरी साधलं होतं. गुरुजींनी काचेत डोकावलं. आईच्या शेजारी, काचेत, सिंहाचं तोंड. त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या.

"हरी," रुख्माबाई हळूच म्हणाल्या, "मी सरकते थोडी. त्याले दिसू दे चांगलं."

गुरुजींनी काचेत पाहिलं. सिंह आईच्या डाव्या हाताला होता. "उजवीकडे सरक, आई."

काचेतलं उजवं. रुख्माबाई मुकाट्याने उजवीकडे सरकल्या.

त्याच वेळी सिंह खोकला. गर्जना नाही, नुसता खोकला, म्हाताऱ्या माणसाला पहाटे येतो तसा. गुरुजींचे डोळे आपोआप गच्च मिटले.

"हरी, आता मी बरोबर त्याच्या—"

"हलू नको, आई," मिटल्या डोळ्यांनी गुरुजी म्हणाले आणि खटका दाबला.

[                    ]

हा फोटो ओमप्रकाशच्या स्टुडिओत, लाल दिव्याखाली, पाण्यातून हळूहळू वर आला. आधी खिडकी आली. मग सुलोचनाबाई, मंदाबाई, चंद्रभान, पेन नाही. मग मधोमध रुख्माबाई, भरल्या अंगाच्या, नऊवारीतल्या, खिडकी व्यापून. सगळे समोर बघताहेत. रुख्माबाईंची मानही समोर आहे, कारण मुलाने हलू नको म्हटलं होतं. फक्त डोळे तेवढे कडेला गेलेत. आणि त्यांच्या कानामागून, अंबाड्यात खोचल्यासारखा, शेपटीचा गोंडा.

ओमप्रकाशने फोटो चिमट्याने उचलून दिव्यापाशी धरला. मग म्हणाला, "आईचा फोटो मस्त आला, गुरुजी. इनलार्ज करून ठेवा, पुढं कामी पडते."

घरी सुलोचनाबाई म्हणाल्या, "सांगून टाका ना लोकायले. नाई आला फोटो. काय फाशी देतात का?"

"आई आडवी आली असं सांगू? आईचं नाव गावात घेऊ?"

"आईचं कशाले? तुमचं घ्या."

गुरुजींना हा पर्याय सुचलाच नव्हता आणि आता सुचवूनही तो त्यांना नीट ऐकू आला नाही. स्नेहसंमेलन तोंडावर होतं. अण्णाजींनी पडद्यासाठी जांभळं मखमली कापड आणून ठेवलं होतं.

रुख्माबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या रोज दुपारी अनुसयाबाईंच्या ओट्यावर तूर निवडत सिंह सांगायच्या. बाया हातातली सुपं थांबवून ऐकायच्या.

"भुकेला नव्हता वो तो. कटाळला होता. आपले हेडमास्तर पंधरा ऑगस्टले कसे उभे राह्यतात, तसा. त्यानं मायाकडे पाह्यलं. मी त्याच्याकडे पाह्यलं. मले वाटलं, ह्याले कोनी पानी तरी इचारलं का?"

त्याच आठवड्यात ओमप्रकाशने सुचवलं की वर्ध्याला सर्कस आली आहे.

आता इथे सद्गृहस्थाने नाही म्हणायचं असतं. गुरुजींनीही म्हटलं. मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते ओमप्रकाशबरोबर वर्ध्याच्या एसटीत बसले, आणि अर्ध्या रस्त्यापर्यंत मनात म्हणत राहिले की आपण फक्त तुलनेसाठी सिंह पाहायला चाललो आहोत.

सर्कसचा मालक हिरालाल फार अगत्याचा माणूस. मास्तर आहेत, शाळेसाठी फोटो हवाय, एवढं ऐकल्यावर त्याने चहा मागवला आणि झोपलेल्या सिंहाला स्वतः काठीने डिवचून उठवून दिलं. सिंहाचा एक कान अर्धा होता. ओमप्रकाशने फोटो काढला आणि पुढचे दोन दिवस स्टुडिओचं दार लावून घेतलं. मेलेल्यांचे डोळे उघडणाऱ्या हाताला गज पुसणं अवघड नव्हतं. गजांच्या जागी त्याने गवत काढलं. कानाचं विचारल्यावर म्हणाला, "असू द्या. जंगलातला वाटते."

यात पुढे काय झालं असेल ते ज्याच्या लक्षात आलं असेल त्याने कृपा करून गुरुजींकडे बघू नये. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

वर्ध्याला सर्कसचा धंदा बसला. सर्कस आर्वीला आली. आणि अण्णाजी कडू, ज्यांना सिंहाच्या फोटोच्या अनावरणाला तोलामोलाचा पाहुणा मिळत नव्हता, त्यांना कळलं की जंगली जनावरांचा एक मोठा जाणकार माणूस अनायासे गावात उतरला आहे.

गुरुजींना हे व्यासपीठावर कळलं. हिरालाल कोसा सिल्कच्या झब्ब्यात, कपाळाला कुंकू, पहिल्या खुर्चीवर. समोर सगळं गाव. पहिल्या रांगेत नत्थूजी. बायकांत अनुसयाबाई आणि त्यांच्या शेजारी नवं लुगडं नेसलेल्या रुख्माबाई, कारण मुलाने त्यांचा सिंह आणला होता आणि आज तो सगळ्यांना दिसणार होता. गुरुजींना उठून पळावंसं वाटलं, पण खांद्यावर पुन्हा शाल होती.

हिरालालने दोरी ओढली. मखमल घसरली. तो दोन पावलं मागे झाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की जणू बोर्डिंगातला मुलगा भेटला.

"अरे," तो माइकवर म्हणाला, "ये तो अपना सुलतान है."

नत्थूजींनी दात कोरायची काडी खाली घेतली.

"क्या फोटो निकाला है मास्टरजीने. पिंजरा दिखताच नहीं." तो गहिवरला. त्याने गुरुजींचे दोन्ही हात हातात घेतले. "भाइयो, इस सुलतान को आप रोज दो खेल में देख सकते हैं. मास्टरजी के बच्चों को फ्री."

टाळ्या झाल्या. मुलांच्या. त्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

गुरुजींनी सभेत एकदाच वर पाहिलं. सगळे फोटोकडे बघत होते. एकट्या रुख्माबाई फोटोकडे बघत नव्हत्या. त्या मुलाकडे बघत होत्या, आणि त्यांना समजत नव्हतं की त्यांचा सिंह कुठे आहे.

[फोटो. अनावरण समारंभ. हा फोटो ओमप्रकाशने काढला होता. गुरुजींनी तो मागितला नाही, त्याने दिला नाही.]

दुसऱ्या दिवशी गुरुजी खरा फोटो घेऊन नत्थूजींच्या ओट्यावर गेले. उशीर झाला होता, पण आता दुसरं काही उरलंही नव्हतं. नत्थूजींनी चष्मा पुसला.

"हा तुमच्या आईचा फोटो हाय."

"मागे शेपटी बघा."

"शेपटी हाय." नत्थूजींनी मान हलवली. "कोनाची हाय ते मले तलाठी म्हनून नाई सांगता येत."

"आफ्रिकेतल्या सिंहाची आहे."

"कालचाही तिथलाच होता ना?"

अनुसयाबाई कुंपणावरून डोकावल्या. "पाहू. वो बाई, हे तं माह्या भाच्याच्या मेटाडोरवानी दिसते. आमी केळझरच्या गनपतीले गेलतो तिच्यातच." त्यांनी शेपटीवर बोट ठेवलं. "म्हसी लई असतात तिकडं रस्त्यानं."

आठवडाभरात गावाचं एकमत झालं. भोयर मंडळी आफ्रिकेला गेलीच नव्हती. केळझरला गेली होती, आणि उरलेले दिवस नागपूरला कोणाकडे तरी राहून आली. पासपोर्ट दाखवला तर लोक म्हणाले, वा, किती हुबेहूब. ओमप्रकाशचा हातच तसा आहे. ओमप्रकाश म्हणू लागला की आपण फक्त रीळ धुतलं.

गुरुजींनी हे सगळं सोसलं. शाळेत पोरं "सुलतान" म्हणाली तेही सोसलं. ते आपल्या वाट्याचंच होतं. जे सोसवेना ते दुपारचं होतं.

रुख्माबाईंनी ओट्यावर एकदा सुरुवात केली, "तो सिंह उठला, आन्—"

"कोनता वो," एकीने विचारलं, "सुलतान?"

बाया हसल्या. वाईट नाही हसल्या, तूर निवडता निवडता हसतात तशा. रुख्माबाईही हसल्या आणि सुपात बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी सिंह सांगायचं सोडलं. घरातही. चंद्रभानचं पत्र आलं तरी त्या फक्त त्याच्या तब्येतीचं विचारायच्या.

पुढे एकदा गुरुजी दुपारचेच घरी आले. आत जाणार तोच कुंपणापलीकडून अनुसयाबाईंचा आवाज आला. "पन माय, खरं सांगा. गुरुजीनं असं काऊन केलं?"

रुख्माबाईंचं सूप थांबलं.

"त्याची काई चुकी नाई," त्या म्हणाल्या. "तो सांगून राह्यला होता मले, आई सरक, आई सरक. मीच नाई सरकली. माही हौस, मले फोटोत याचं होतं. मंग पोरगं काय करीन? लोकायले जबान देल्ली होती त्यानं."

गुरुजी दाराच्या आड उभे होते. कुंपण कमरेएवढं होतं. पलीकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य चार शब्दांचंही नव्हतं. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने घरात गेले.

अण्णाजी कडूंनी शेवटी तोडगा काढला. मखमल फुकट जाऊ नये म्हणून असेल, किंवा त्यांनाही वाईट वाटलं असेल. त्यांनी सुलतान उतरवला आणि गुरुजींकडून खरा फोटो मागून घेतला. तो मोठा करून भूगोलाच्या खोलीत, वाळवीने सोडलेल्या तक्त्याला लागून लावला. "इकडे तोंड हाय, तिकडे शेपटी," ते म्हणाले. "तुमी बोललेच होते. सिंह पुरा झाला."

पुरा झाला. फक्त मधे रुख्माबाई होत्या.

गुरुजी पाचवीच्या तासाला छडी घेऊन उभे राहिले. तोंडावर छडी ठेवली. "हा सिंह. हा आफ्रिकेत राहतो." मग छडी शेपटीकडे न्यायची होती. ती मधेच थांबली. फोटोतल्या आईचे डोळे अजून कडेला वळलेले होते.

"ही कोन हाय, गुरुजी?" कोणीतरी विचारलं.

"माझी आई," गुरुजी म्हणाले. "ती सरकते म्हणत होती. मीच तिला चुकीच्या बाजूला सरकवलं. मीच म्हटलं, हलू नको."

पोरांनी वह्या उघडल्या. शांत वर्गात गुरुजी काही बोलले की ते लिहून घ्यायचं, अशी पोरांना शिस्त होती. त्यांनी ते लिहून घेतलं.

सहामाहीच्या परीक्षेत प्रश्न आला, सिंहाविषयी माहिती लिहा. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं: सिंह आफ्रिकेत राहतो. त्याला आयाळ असते. त्याच्या पुढे गुरुजींची आई बसते. ती सरकते म्हणते, पण गुरुजी तिला हलू नको म्हणतात.

गुरुजींनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. अण्णाजींनी पेपर तपासायला मागवले आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "भोयर, हे उत्तर बरोबर कसं काय?"

"तक्त्यावर आहे, साहेब," गुरुजी म्हणाले.

आणि पेपरांचा तो गठ्ठा शाळेच्या कपाटात जायच्या आधी एका दुपारी ते घेऊन कुंपणापलीकडे गेले. बाया तूर निवडत होत्या. रुख्माबाईंना वाचता येत नव्हतं. गुरुजी ओट्याच्या पायरीवर बसले, सगळ्यात वरचा पेपर घेतला आणि अनुसयाबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात शेवटची दोन वाक्यं वाचली. मग दुसरा पेपर घेतला. मग तिसरा. कान तापून लाल झाले होते, पण ते वाचत राहिले.

गठ्ठा अर्धा झाल्यावर रुख्माबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पुरे झालं, हरी," त्या म्हणाल्या. मग बायांकडे वळल्या. "तर तो सिंह उठला."